लेकरांसोबत बसून पाहिलेला सिनेमा



रात्रभर जागून नाटक पाहणाऱ्या आपल्या झाडीपट्टीला सहकुटुंब बसून पाहणं शिकवायची गरज नाही. पण आता घरात एकच मोबाइल असतो, तो लेकराच्या हातात असतो आणि लेकरू कोपऱ्यात असतं. ते काय पाहतं, हे आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून धानाची चुरणी आटोपल्यावर आमच्या गटाने गावात देशोदेशीच्या छोट्या बालचित्रपटांचा कार्यक्रम घेतला. तो कसा घेतला, ते आज सांगतो.

पहिला प्रश्न पैशाचा आला. "सिनेमा दाखवणं हे बचत गटाचं काम आहे काय?" असं बैठकीत एका ताईंनी विचारलं. प्रश्न रास्त होता. बचतीच्या पैशाला हात लावायचा नाही, असं ठरलं आणि तसं इतिवृत्तात लिहिलं. घरटी दहा रुपये वर्गणी काढली. शहरातल्या एका चित्रपट मंडळाच्या कार्यकर्त्यांनी प्रोजेक्टर आणला. चित्रपट दाखवायची परवानगीही त्यांनीच काढली होती. ही परवानगी लागते, हे लक्षात ठेवा.

दुसरा प्रश्न भाषेचा. परदेशी सिनेमा आपल्याला कसा कळणार? त्यासाठी निवड नीट करावी लागते. आम्ही तीन चित्रपट घेतले. तिन्ही मिळून तासाभराच्या आत संपतात, कारण लहान लेकरं त्याहून जास्त वेळ बसत नाहीत.

पहिला होता चेकोस्लोव्हाकियाच्या झ्डेनेक मिलर यांचा, 1957 सालचा. जमिनीखाली बिळं करून राहणाऱ्या एका इवल्या प्राण्याला खिसे असलेली विजार हवी असते. ती मिळते जवसाच्या झाडापासून! जवसाचे दांडे पाण्यात भिजतात, करकोचा ते चोचीने मोडतो, काटेरी अंगाचा एक प्राणी धागे विंचरून देतो, कोळी सूत काततात, मुंग्या कापड विणतात. यात बोलणं परक्या भाषेत आहे, म्हणून आमच्यातली एक ताई बाजूला उभी राहून आपल्या बोलीत सांगत गेली. याच प्राण्याचे पुढचे चित्रपट मिलर यांनी जवळजवळ बिनशब्दांचे केले, कुठल्याही देशातल्या मुलांना कळावेत म्हणून.

निळ्या फुलांचा जवस आपण धानाच्या बांधीत पेरतो, पण तो तेलासाठी आणि चटणीसाठी. त्याच्या दांड्यापासून कापड होतं, हे आम्हालाही नवं होतं. करकोचा दिसताच पोरं "सारस, सारस" म्हणून ओरडली. दांडे पाण्यात भिजत पडले तेव्हा मागून एक आजी बोलल्या, "हे तं आमी करत होतो वं, बोडीत! अंबाडी भिजवून दोर वळत होतो." त्या आजी अंगठा लावणाऱ्या. पण त्या संध्याकाळी सातवीतली पोरं वळून त्यांना विचारत होती, किती दिवस भिजवायची, साल कशी काढायची. लेकराच्या पुस्तकातलं मला काय कळतं, असं आपण म्हणतो आणि दूर होतो. इथे आजीला नातवापेक्षा जास्त कळत होतं.

दुसरा चित्रपट आपल्याच देशाचा, 'एक अनेक और एकता', 1974 सालचा. तो विजया मुळे यांनी केला. एकट्या पक्ष्याला जाळं उचलत नाही, सगळे मिळून उडाले की उचलतं, ही त्यातली गोष्ट. बचत गटाच्या बायांना ती वेगळी समजवावी लागली नाही.

तिसरा फ्रान्सचा 'लाल फुगा', 1956 सालचा, 34 मिनिटांचा. आल्बेर लामोरीस यांनी तो पॅरिसच्या गल्ल्यांत, आपल्या मुलालाच नायक करून काढला. संवाद जवळजवळ नाहीत, तरी त्याला पटकथेचं ऑस्कर मिळालं. एक फुगा एका मुलाच्या मागेमागे फिरतो. दुसरी मुलं मागे लागतात आणि शेवटी गलोलीने तो फोडतात. मग साऱ्या शहरातले फुगे त्या मुलाकडे येतात.

फुगा फुटला तेव्हा एक लहानगी रडू लागली. तिच्या आईने तिला जवळ घेतलं. आई शेजारी असावी ती यासाठीच. नंतर आम्ही विचारलं, "त्या मुलांनी फुगा का फोडला असेल?" कुणी म्हणालं, वाईट होती म्हणून. मागे बसलेला एक पोरगा हळूच म्हणाला, "त्यांच्याजवळ फुगा नव्हता म्हणून." सगळे गप्प झाले. त्याची आई आमच्याच गटात आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "घरी तो इतकंही बोलत नाही." आता ती रोज निजताना त्याच्याजवळ थोडा वेळ बसते.

तुमच्या गावात करायचं असेल तर एवढं ध्यानात ठेवा. अंधार पडल्यावरच सुरू करा. पांढरी चादर ताणून बांधा, सुरकुती राहू देऊ नका. लहान लेकरं पुढे आणि आया त्यांच्याजवळ बसू द्या, स्वयंपाकात अडकवू नका. आमच्याकडे त्या दिवशी जेवणं आधीच उरकली होती. चित्रपट आधी स्वतः पाहून घ्या. दोन चित्रपटांच्या मध्ये पाच मिनिटं बोलू द्या. "यातून काय शिकलात?" असं मास्तरांसारखं विचारू नका. "तुला काय दिसलं?" असं विचारा आणि उत्तर ऐका.

पुढच्या बैठकीत पैशाचा प्रश्न काढणाऱ्या त्याच ताईंनी विचारलं, "पुन्हा कधी?" वर्गणीची वहीही आता त्यांनीच घेतली आहे.