जोई रमोनची अखेरची सहा वर्षे

जोई रमोनच्या मृत्यूला पाव शतक लोटले, आणि ज्यांनी तो हयात असताना त्याच्या तबकड्यांना नभोवाणी केंद्राचा उंबरठा ओलांडू दिला नाही तेच आता त्याचे गोडवे गातात, हे पाहून त्या काळात न्यूयॉर्कमध्ये क्वीन्स भागात बिऱ्हाड थाटलेल्या माझ्यासारख्याच्या अंगाचा तिळपापड होतो. जोई गात असे त्या 'रमोन्स' या पंक वाद्यवृंदाचे गरुडचिन्ह छापलेला सदरा आज पुण्याच्या पदपथावरही मिळतो. तो घालणाऱ्याला गाणाऱ्याची गंधवार्ताही नसते.

पूर्वार्ध सर्वश्रुत आहे, सबब आवरता घेतो. क्वीन्समधल्याच फॉरेस्ट हिल्सच्या यहुदी कुटुंबातला, साडेसहा फुटी, किडकिडीत जेफ्री हायमन म्हणजेच जोई. जन्मतःच पाठीवर असलेली गाठ, ऐन तारुण्यात मनोरुग्णालयाची वारी, आणि एकच कृती पुनःपुन्हा करावयास लावणारा तो मंत्रचळ, जो त्याला जन्मभर सुटला नाही. 1976 ची पहिली तबकडी सुमारे 6,400 डॉलरांत झाली आणि अर्ध्या तासाच्या आत संपली.

1985 साल मात्र ओलांडवत नाही. नाझी एस. एस. सैनिक पुरलेल्या जर्मनीतल्या बिटबर्गच्या दफनभूमीस अध्यक्ष रेगन पुष्पचक्र घेऊन गेले, तेव्हा यहुदी म्हणून दुखावलेल्या जोईने सहकाऱ्यांसह निषेधाचे गीत रचले. आणि रेगनभक्त गिटारवादक जॉनीने पुढल्या वर्षी संग्रहात घेताना त्याचे शीर्षक बदलायला लावले. या दोघांचे बोलणे एका स्त्रीवरून केव्हाच बंद झाले होते. तरीही दोघे एकाच गाडीतून गावोगाव हिंडत राहिले.

1995 च्या सुमारास जोईला लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे निदान झाले, आणि त्याची वाच्यता न करता हा गृहस्थ 6 ऑगस्ट 1996 रोजी लॉस एंजलिसला झालेल्या अखेरच्या प्रयोगापर्यंत रंगमंचावर उभा राहिला. पुढे उपचारांच्या फेऱ्यांतून सवड काढीत, डॅनियल रे या जुन्या स्नेह्याच्या साहाय्याने, तो स्वतःचा संग्रह रेकॉर्ड करीत बसला. अशा अवस्थेतल्या माणसाने करुण विलाप करावा ही आपली रसिकी अपेक्षा; याने दूरचित्रवाणीवर शेअरबाजाराच्या वार्ता देणाऱ्या मारिया बार्टिरोमोवर गाणे रचले, कारण तो स्वतः समभागांत पैसे गुंतवून तिला नित्यनेमाने पाहत असे! रुग्णालयावरही एक गीत आहे, आणि त्यात रड नाही, पुन्हा उठण्याचा हट्ट आहे. जे समीक्षक त्याला तीन सुरांचा पोरकट गायक म्हणत, त्यांनी तो आवाज कधी कान देऊन ऐकला असेल, असे मला वाटत नाही.

2000 सालाच्या अखेरीस तो बर्फावरून घसरला, खुब्याचे हाड मोडले, आणि 15 एप्रिल 2001 रोजी, पन्नाशीला महिनाच उरला असता, त्याने देह ठेवला. जॉनी अखेरपर्यंत भेटीस गेला नाही. संग्रह 2002 च्या फेब्रुवारीत निघाला. आमच्या बाजूच्या नभोवाणी केंद्रांवर तो वाजल्याचे मला स्मरत नाही. मार्चमध्ये वाद्यवृंदाला 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ची सनद मिळाली, त्या समारंभात जॉनीने अध्यक्ष बुश यांचे अभीष्ट चिंतिले. जोईची आठवण काढली ती वाद्यवृंदातल्याच टॉमीने. तोही यहुदी, बुडापेस्टचा, वंशसंहारातून वाचलेल्या आईबापांचा मुलगा. पुढल्या वर्षी न्यूयॉर्कच्या बॉवरी रस्त्याच्या कोपऱ्यावर जोईच्या नावाची पाटी लागली. ती इतक्यांदा चोरीस गेली की अखेर वीस फूट उंचीवर बसवावी लागली.