माशांवरील उवा व तळ्यांतील खुंटे

शेततळें खणलें, पाणी भरलें, मत्स्यबीज सोडलें, म्हणजे पुढें जाळें टाकण्यापलीकडे कांहीं काम उरत नाहीं, अशी पुष्कळ शेतकरी बंधूंची समजूत असते. आमचीही तशीच होती. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां दुसऱ्यांच्या तळ्यांच्या नोंदी आम्हीं वर्षानुवर्षें लिहिल्या. परंतु पाण्याखालीं काय चाललें आहे हें कोणत्याच नमुन्यांत लिहिलेलें नसतें. तें आम्हांस पेन्शन घेतल्यावर, धाकट्या बंधूच्या तळ्यावर कळलें.

तळें भंडारा जिल्ह्यांतलें. २०१६ सालीं शासनानें ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना काढली, त्या योजनेंतून खणलेलें. लांबीरुंदी ३० मीटर, म्हणजे सात-बाराच्या भाषेंत ९ आर. हेक्टरीं ५ ते १० हजार बोटुकली सोडावी असा सर्वसाधारण नियम आहे. त्या मानानें येथें फार तर ९०० पुरे होती. बंधूनें गेल्या वर्षीं श्रावणांत ४,००० सोडली. बीज विकणारानें ‘कांहीं मरतातच, जास्त टाका’ असें सांगितलें व तें त्यास पटलें. आकडेमोड करण्यांत ज्यांचा जन्म गेला त्या आम्हींही तेव्हां हा हिशेब केला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

कार्तिकांत रोहू पाण्याबाहेर उड्या मारूं लागले, खुंट्यांशीं अंग घांसूं लागले व कोंड्याकडे पाहीनासे झाले. चार मासे धरून पाहिले तों परांच्या मुळाशीं तांबडे डाग, आणि डागांवर मुगाच्या डाळीएवढा, चपटा, पारदर्शक असा एक प्राणी सरकतांना दिसला. यास आर्ग्युलस म्हणतात. मच्छीमार ऊ म्हणतात खरे, परंतु तो कीटक नव्हे. खेंकडा व झिंगा यांच्या कुळांतला आहे. पोटाकडील दोन वाटोळ्या चोषकांनीं तो माशास चिकटतो व सुईसारख्या डंखानें कातडें टोंचून रक्त शोषतो. एकदोन उवांनीं मोठा मासा मरत नाहीं. पण त्या वाढल्या म्हणजे जखमांत बुरशी व जंतु शिरतात, मासा खाणें सोडतो, आणि लहान असल्यास दगावतो. कटला व मृगळ यांच्यापेक्षां रोहूवर हा उपद्रव अधिक. असा मासा शिजवून खाल्ल्यानें माणसास अपाय नाहीं. परंतु डागाळलेला मासा बाजारांत घेतो कोण?

(मांसांत डोकें रुतवून दोऱ्यासारखा लोंबणारा लर्निया, किंवा सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारे कल्ल्यांवरील कृमि, हे निराळे शत्रु होत, त्यांचा विस्तार येथें करीत नाहीं.)

बंधूनें घाबरून दुकानदाराच्या सांगण्यावरून भातावर फवारण्याचें औषध तळ्यांत ओतलें. उवा मेल्या. त्यांबरोबर ज्या सूक्ष्म जीवांवर कटला जगतो तेही मेले, आणि चार दिवसांत दीडशेंवर मासे पोट वर करून तरंगले. बैलांना तें पाणी दाखविण्याची सोय राहिली नाहीं. इतकें होऊन तीन आठवड्यांनीं रोहूंच्या अंगावर उवा पुन्हां हजर!

त्या आल्या कोठून, हें आम्हांस गांवांतील एका वृद्ध ढिवरानें दाखविलें. “बाबूजी, मासा काय पाहता, खुंटा पाहा,” असें म्हणून त्यानें पाण्यांतला एक खुंटा उपटला. चोरून जाळें टाकणारांचें जाळें अडकावें म्हणून बंधूनें तळ्यांत साठ खुंटे ठोकले होते. त्यावर बारीक दाण्यांच्या ओळीच्या ओळी चिकटलेल्या होत्या. उवेची मादी अंडीं घालण्याकरितां मासा सोडून जाते व दगड, लांकूड अशा टणक जागीं तीं चिकटविते. एका मादीचीं अंडीं शेंकड्यांनीं भरतात. औषधानें ऊ मरते, परंतु अंडें सहसा मरत नाहीं. चोरांकरितां केलेला बंदोबस्त असा उवांचें बाळंतघर झाला होता.

आम्हीं साठही खुंटे काढून उन्हांत पसरले. मग सहा बांबू दोरीनें बांधून पाण्यांत सोडले. दुसरी टणक जागा नसली म्हणजे मादी बहुधा तेथेंच येते. दर आठव्या दिवशीं बांबू वर काढावे, खरडावे, कडक उन्हांत वाळवावे व त्यांच्या जागीं दुसरे सोडावे. उबदार पाण्यांत अंडीं फुटण्यास सुमारें दोनतीन आठवडे लागतात, थंडींत अधिक. म्हणून आठवड्याची मुदत पुरेशी आहे, मात्र ती चुकतां कामा नये. तहशिलींत वसुलीच्या तारखेची जी धास्ती असते तीच येथें बाळगावी. याबरोबर निम्मे मासे काढून टाकून गर्दी कमी केली. माघ संपेतों उवा शोधून काढाव्या लागूं लागल्या.

वैशाखांत तळें आटवून तळाचा गाळ भेगा पडेपर्यंत वाळविला व चुना टाकला. हेक्टरीं २०० ते २५० किलो या प्रमाणानें आम्हांस सुमारें २० किलो लागला. मासा न मिळाल्यास नुकतीच फुटलेली ऊ थोड्याच दिवसांत मरते. सबब कोरडें तळें हें उत्तम औषध होय, आणि त्यास पैसा पडत नाहीं.

रोग प्रथम आला तो आमच्या मतें बीजाच्या पिशवींतून, नाहींतर शेजारगांवच्या तलावांतून ओलेंच आणलेल्या जाळ्यांतून. आतां उसनें जाळें दोन दिवस उन्हांत वाळविल्यावांचून पाण्यांत पडत नाहीं. बीज घेतांना दहावीस बोटुकली हातांत घेऊन पाहातों, व १०० लिटर पाण्यांत ३ किलो मीठ विरघळवून त्यांत तीं दोनतीन मिनिटें बुडवितों. बोटुकली कलंडूं लागतांच मिनिटें न मोजतां बाहेर काढावी.

यंदा ९०० बोटुकली सोडली आहे. बांबू दर रविवारीं वर निघतात. मागल्या रविवारीं एकावर अंड्यांची एक ओळ सांपडली, ती खरडून टाकली. खुंटे पुन्हां ठोकले नाहींत. चोरांचा बंदोबस्त सध्यां कुत्र्याकडे सोंपविला आहे.