बाणाचे टोक आणि भेकराचे काळीज

भोरहून रायरेश्वराकडे जाताना वाटेत आंबवडे गाव लागते. नागेश्वराचे देऊळ आणि झुलता पूल यांमुळे ते पुष्कळांना ठाऊक असेल. या भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत तिन्हीसांजेला कधी कधी झाडीतून कुत्रे भुंकल्यासारखा आवाज येतो. तो कुत्र्याचा नसतो. भेकर नावाचे लहानखुरे हरीण धोक्याची चाहूल लागली की असे ओरडते. सह्याद्रीत या भेकरामागे माणूस पिढ्यान्‌पिढ्या धनुष्यबाण घेऊन हिंडला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात अशी शिकार हा गुन्हा ठरला आहे, आणि ते योग्यच झाले. परंतु बाणाने प्राणी नेमका कशामुळे मरतो, हा प्रश्न पदार्थविज्ञान आणि शरीरशास्त्र या दोहोंच्या दृष्टीने मोठा मनोरंजक आहे. त्याचे उत्तर आज प्राणी वाचविणाऱ्यांनाही उपयोगी पडते.

सर्वसाधारण समज असा, की बाण जोराने लागतो म्हणून जनावर पडते. आपण हिशेबच करून पाहू. साध्या लाकडी धनुष्यातून सुटलेला २५ ग्रॅमचा बाण सेकंदाला ४० मीटर वेगाने जातो असे धरा. गतिज ऊर्जेच्या सूत्रात या संख्या घातल्या की उत्तर येते २० जूल. दोन किलोचा दगड एक मीटर उंचीवरून पडला तर त्याच्यात एवढीच ऊर्जा असते! तो पायावर पडला तर आपण कळवळू, पण मरणार नाही. आता १० ग्रॅमची, सेकंदाला ८०० मीटर वेगाने जाणारी बंदुकीची गोळी घ्या. तिची ऊर्जा ३२०० जूल, म्हणजे बाणाच्या १६० पट. गोळी आपल्या मार्गाच्या आजूबाजूच्या पेशीही फाडून टाकते. बाणाला ते मुळीच साधत नाही. तो जेथून जातो तेवढेच कापतो. बाणाने येणारा मृत्यू आघाताचा नसून रक्तस्रावाचा असतो, ही गोष्ट एकदा नीट ध्यानात आली की पुढचे सारे सोपे होते.

कापण्यासाठी टोक नव्हे, धार लागते. एक रबर बँड दोन खिळ्यांवर ताणून बसवा. त्यावर सुरीची बोथट कड दाबा. रबर वाकेल, बाजूला सरकेल, पण तुटणार नाही. आता शिक्षकांच्या देखरेखीखाली त्यावर नवे पाते नुसते टेकवा. रबर तत्काळ तुटेल. रोहिण्यांच्या भिंती अशाच लवचीक असतात. सुईसारखे अणकुचीदार टोक त्यांना बाजूला सारून निघून जाते, तर धारदार पाते त्यांना छेदते. शिवाय बोथट वस्तूने चिरडलेल्या जखमेत रक्त लवकर गोठते. खरचटलेल्या गुडघ्यातले रक्त लवकर थांबते आणि वस्तऱ्याने कापलेल्या हनुवटीतले वाहतच राहते, हा अनुभव तुमच्या वडिलांना विचारा.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना चांगलीच ठाऊक होती. चौदाव्या शतकातील ‘शार्ङ्गधरपद्धती’ या संस्कृत ग्रंथात बाणाग्रांचे अनेक प्रकार नावांनिशी दिले आहेत. त्यांतील ‘आरामुख’ म्हणजे चांभाराच्या आरीसारखे टोक. ते चामड्याची ढाल भेदण्यासाठी. ‘क्षुरप्र’ म्हणजे वस्तऱ्यासारखी धार असलेले, ते कापण्यासाठी. भोसकणे आणि कापणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे नावांतच सांगून टाकले आहे. त्याहून जुना पुरावा हवा असेल तर आल्प्स पर्वतात जावे लागेल. तेथे १९९१ मध्ये बर्फात एका माणसाचे सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचे शव सापडले. तो कशाने मेला हे दहा वर्षे कोणाला उमगले नाही. २००१ साली क्ष-किरण चित्रात त्याच्या डाव्या खांद्यात गारगोटीचे बाणाग्र दिसले. जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीच्या त्या दगडाने हाताकडे जाणारी मोठी रोहिणी फाडली होती.

आजही ज्या देशांत धनुष्याने शिकारीस परवानगी आहे, तेथे रुंद पात्याचीच टोके वापरतात. अमेरिकेच्या काही राज्यांत पात्याची रुंदी निदान २२ मिलिमीटर असावी असा नियम आहे. पाती दोन असावीत की तीन-चार, यावर शिकाऱ्यांत वाद चालतो. पाती जास्त तर जखम मोठी, पण विरोधही जास्त, म्हणून बाण कमी खोल जातो. ज्याचे धनुष्य हलके त्याने दोन अरुंद, पण धारदार पात्यांवर भागवावे हे उघड आहे. २० जुलांची पुंजी उधळून चालत नाही.

आता बाण कोठे लागतो ते पाहू. त्यासाठी हरीण नको, घरची शेळी पुरे. शरीराची रचना बरीचशी सारखीच असते. शेळी शांत उभी असताना तिच्या डाव्या पुढच्या पायाच्या कोपरामागे, छातीच्या खालच्या भागावर तळहात ठेवा. ठोके लागतील. हृदय तेथे आहे, आणि त्याच्या वर व मागे फुप्फुसे पसरलेली आहेत. त्यामागे मध्यपटल, आणि मग बहुतेक सारी जागा रवंथ करणाऱ्या पोटाने व्यापलेली. वीस किलोच्या भेकराच्या अंगात सुमारे दीड लिटर रक्त असते. त्यातील अर्धा लिटर झपाट्याने गेले की रक्तदाब कोसळतो आणि प्राणी बेशुद्ध पडतो. फुप्फुसांत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असल्याने तेथे हे काही सेकंदांत घडते. बाण वीतभर मागे, पोटात लागला तर रक्त थोडे वाहते. आतड्यांतील जंतू पोटात पसरतात आणि प्राणी कित्येक तास, कधी दिवसभर तडफडत राहतो. समोरून मारावा तर उरोस्थी आडवी येते. म्हणून प्राणी आडवा उभा असेल किंवा किंचित पाठमोरा असेल, तेव्हाच बाण बरगड्यांमधून छातीत शिरू शकतो. भेकराच्या बाबतीत ही जागा फार तर वीतभर!

त्यातून भेकर स्वस्थ उभे राहत नाही. ते ३० मीटरवर असेल तर बाणाला पाऊण सेकंद लागतो. प्रत्यंचेचा आवाज मात्र ०.०९ सेकंदात पोहोचतो. दचकायला ०.२ सेकंद धरले, तरी भेकराच्या हाती जवळजवळ अर्धा सेकंद उरतो. उडी घेण्यापूर्वी ते पाय दुमडून खाली बसते. मुक्तपणे पडणारी वस्तू ०.२ सेकंदात २० सेंटिमीटर खाली येते, म्हणजे छातीवर रोखलेला बाण पाठीवरून निघून जातो किंवा नको तेथे रुततो. हाच हिशेब १० मीटरसाठी तुम्ही करून पाहा. जुने शिकारी एवढे जवळ का सरकत, ते समजेल. काही जनावरे जखमी होऊन झाडीत नाहीशी होतात. ब्रिटनमध्ये हरणावर बाण सोडण्यास कायद्याने बंदी आहे.

पशुवैद्य जेव्हा भुलीची सुई बंदुकीने मारतात, तेव्हा हा सारा विचार उलटा करावा लागतो. सुईने कापायचे नसते, रक्तही काढायचे नसते. औषध स्नायूत सोडायचे असते. म्हणून नेम छाती व पोट टाळून मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूंवर धरतात. वेगही अंतर पाहून कमी करतात, नाहीतर सुईच हाड मोडायची. औषधाला काही मिनिटे लागतात आणि तेवढ्यात प्राणी घाबरून धावत सुटला तर दुसरे संकट उभे राहते. हरणाच्या जातीत अतिश्रम व भीती यांनी स्नायूंतील पेशी फुटतात, त्यांतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी होतात. अंगावर ओरखडाही नसलेले हरीण मग दोन-चार दिवसांनी मरते.

यासाठी रानातून वाट चुकून गावात आलेल्या भेकराभोवती घोळका करू नये. कुत्री बांधावीत, मुलांना दूर ठेवावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. ते जाळ्यात किंवा कुंपणात अडकलेच असेल, तर वनकर्मचारी आधी त्याच्या डोळ्यांवर फडके टाकतात. दिसेनासे झाले की त्याची धडपड पुष्कळ कमी होते.