पोरगी व्यवसायोपचार शिकली, आता पुढे कुठे पाठवायची?

परवा संध्याकाळी जरीपटक्यात एका ओळखीच्या घरी जाणे झाले. सिंधी बांधवांची बाजारपेठ संपून इंदोऱ्याकडची आपली वस्ती सुरू होते, त्या हद्दीवरचे घर. वडील रेल्वेतून निवृत्त, आई अंगणवाडीत. थोरल्या मुलीने नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून, म्हणजे आपल्या 'मेडिकल'मधून, व्यवसायोपचाराची पदवी घेतलेली. ऑक्युपेशनल थेरपी, साडेचार वर्षांचा अभ्यास, इंटर्नशिपसह. आता पदव्युत्तर शिक्षणासाठी तिच्यापुढे तीन वाटा होत्या. तिन्हींचे कागद टेबलावर पसरलेले आणि घरात तीन दिवसांपासून वाद.

वडील म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा. नीट देऊन एमबीबीएसला नंबर लागला नाही, डॉक्टर तं नाही झाली. आता आणखी दोन वर्षं शिकून हातपायच चोळाचे आहेत का?"

मुलीने बापाकडे पाहिलेही नाही. मला म्हणाली, "काका, हातपाय चोळणं म्हणजे काय ते यांना एकदा माझ्या ओपीडीत नेऊन दाखवा."

दोष त्या बापाचा नाही. आपल्या समाजात डॉक्टर, इंजिनिअर आणि साहेब या तीन पदांपलीकडे शिक्षणाची कल्पना अजून फारशी गेलेली नाही. म्हणून आधी हे शास्त्र काय ते सांगितले पाहिजे. लकवा मारलेल्या गवंड्याच्या हातात पुन्हा थापी धरता यावी, मेंदूला इजा झालेल्या लेकराला स्वतःच्या हाताने घास घेता यावा, भाजलेल्या बाईची आखडलेली बोटे सुटून तिला कुकरचे झाकण लावता यावे, मनोरुग्णालयातून घरी आलेल्या माणसाचा दिवस पुन्हा उठणे, अंघोळ, काम, झोप अशा क्रमाला लागावा, यासाठीचा हा उपचार. यात 'व्यवसाय' म्हणजे फक्त पोटापाण्याचा धंदा नव्हे. माणूस दिवसभरात जे जे करतो आणि जे केल्याने त्याला माणूस असल्यासारखे वाटते, ते सगळे. भारतात याचे पहिले विद्यालय १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केले. त्या मूळच्या अमेरिकन, लग्नाने महाराष्ट्राच्या झालेल्या. दोन वर्षांनी, १९५२ मध्ये, या शाखेची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली.

आपल्या लोकांना तर हा विषय इतरांपेक्षा लवकर कळायला हवा. ज्या समाजाच्या कपाळावर व्यवसाय जन्मानेच गोंदला गेला, मेलेली ढोरे ओढणे आणि येसकरकी ज्याच्या वाट्याला आली, त्या समाजाची मुलगी आज रुग्णाला विचारते, 'तुला काय करायला आवडेल? तिथून सुरुवात करू.' जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' या प्रबंधात मांडले. माणसाच्या आवडीला आणि कुवतीला त्या व्यवस्थेत जागाच नव्हती. या शास्त्राची सुरुवातच आवडीच्या प्रश्नापासून होते.

आणि रुग्ण कोण आहेत? २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अपंग व्यक्तींची संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. देशभराचे प्रमाण २.२१ टक्के, पण अनुसूचित जातींमध्ये ते २.४५ टक्के. हा फरक देवाने केलेला नाही. बांधकामावरून पडणारे कोण, गटारात उतरणारे कोण आणि बाळंतपणात वेळेवर दवाखाना न मिळणारी बाई कोण, याचा तो हिशेब आहे.

आता त्या तीन कागदांकडे येऊ.

पहिला कागद राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेचा. ही परीक्षा राज्याचा सीईटी कक्ष घेतो आणि पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. यातून तिला नागपूरचे मेडिकल मिळू शकते, नाहीतर मुंबईतले एखादे महापालिकेचे महाविद्यालय. दुसरा कागद कटकजवळच्या ओलटपूर येथील स्वामी विवेकानंद राष्ट्रीय पुनर्वसन संस्थेचा. ही केंद्र सरकारची, सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीतली संस्था. तिसरा कागद ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाचा. चकचकीत, रंगीत, आणि खाली अनामत रक्कम भरण्याची तारीख. हा शहरातल्या एका एजंटाने मिळवून दिलेला.

घरच्यांचे मत तिसऱ्या कागदाकडे झुकलेले. साहजिक आहे. बाबासाहेब परदेशात शिकले, आपली पोरगीही शिकावी, ही भावना कोणत्या भीमसैनिकाच्या मनात नसेल? पण एजंटाने एक गोष्ट सांगितलीच नव्हती, आणि या विषयात सगळ्यात मोठी फसगत तिथेच होते.

परदेशात या विषयाचे दोन प्रकारचे मास्टर्स असतात. एक त्यांच्यासाठी, ज्यांची पहिली पदवी दुसऱ्याच विषयाची आहे, मानसशास्त्र म्हणा की जीवशास्त्र. हा अभ्यासक्रम माणसाला पहिल्यांदा थेरपिस्ट बनवतो आणि नोंदणीला पात्र करतो. दुसरा आधीच थेरपिस्ट असलेल्यांसाठी, ज्ञान वाढवणारा. त्याने नोंदणी आपोआप मिळत नाही. या मुलीला मिळालेले पत्र दुसऱ्या प्रकारचे. ब्रिटनमध्ये काम करायचे तर तिथल्या आरोग्य व्यवसाय परिषदेकडे वेगळा अर्ज करावा लागतो आणि तिथे तपासली जाते ती तिची नागपूरची पदवी आणि तिने केलेले प्रत्यक्ष काम. म्हणजे नोंदणीचा अर्ज ती जरीपटक्यात बसूनही करू शकते, त्यासाठी ते महागडे मास्टर्स लागत नाही! हे ऐकून वडिलांनी तो रंगीत कागद उलटून पालटून पाहिला. 'एवढे पैसे मग कशाचे?' हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, पण तो चेहऱ्यावर दिसत होता.

अमेरिकेच्या बाबतीतही एजंट असाच गोंधळ घालतात. 'तिकडे आता डॉक्टरेटशिवाय चालत नाही' असे सांगून लांबचा आणि महाग अभ्यासक्रम गळ्यात मारतात. २०२७ पासून डॉक्टरेट सक्तीची करण्याची घोषणा तिथल्या मान्यता मंडळाने २०१७ मध्ये केली होती, हे खरे. पण ती पुढे स्थगित झाली आणि २०१९ मध्ये मास्टर्स व डॉक्टरेट असे दोन्ही स्तर कायम ठेवण्याचे ठरले. अर्धी बातमी विकणारा एजंट आणि पंचांगातला अर्धाच मुहूर्त सांगणारा भटजी यांच्यात मला तरी फरक दिसत नाही.

याचा अर्थ परदेशी जाऊ नये असा नाही. संशोधन करायचे असेल, पुढे शिकवायचे असेल, तर जरूर जावे. पण कर्ज काढून नव्हे, आपल्या हक्काच्या पैशाने. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्याची परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे, जागा ७५. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी. दोन्हीकडे विद्यापीठाचा जागतिक क्रमांक पाहतात, राज्यात पहिल्या २०० मध्ये, केंद्रात पहिल्या ५०० मध्ये. इथेच मेख आहे. हा क्रमांक संपूर्ण विद्यापीठाचा असतो, व्यवसायोपचार विभागाचा नाही. विभाग उत्तम पण विद्यापीठ यादीबाहेर, असेही होते आणि याच्या उलटही. म्हणून अर्ज करण्यापूर्वीच यादी पाहावी, नंतर नाही. या मुलीच्या पत्रातले विद्यापीठ दोनशेच्या बाहेरचे निघाले.

आणि निवड झाली म्हणजे पैसा हातात आला, असेही समजू नका. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्राच्या शिष्यवृत्तीसाठी १०६ विद्यार्थी निवडले गेले. सुरुवातीला पत्रे दिली फक्त ४० जणांना. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यावर पाहू, असे सांगण्यात आले. विमानाच्या तिकिटाचे आणि व्हिसाचे दिवस तोंडावर आलेले आणि सरकार म्हणते, निधी पाहू! आरक्षणावर डोळे वटारणाऱ्यांनी या ६६ घरांतली ती एक रात्र काढून पाहावी.

शिष्यवृत्तीच्या अटींचा फटका खुद्द बाबासाहेबांनाही बसला आहे. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. कोलंबिया झाले, १९१६ मध्ये लंडन गाठले, आणि १९१७ मध्ये मुदत संपताच अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पण परतण्यापूर्वी त्यांनी एक काम केले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांची मदत झाली, मित्र नवल भथेना यांनी हात दिला. १९२० मध्ये ते परत गेले आणि १९२३ मध्ये त्यांना डी. एस्सी. मिळाली. आपण बाबासाहेबांचे परदेशगमन जयंतीला सांगतो, ती परवानगी सांगत नाही.

राहिल्या देशातल्या दोन वाटा. ओलटपूरला केंद्राचे आरक्षण, म्हणजे अनुसूचित जातींना १५ टक्के. मात्र तिथे केंद्राच्या नमुन्यातले जातप्रमाणपत्र लागते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्रात सवलती मिळाल्या, परंतु प्रमाणपत्रावर मूळ जातीचा उल्लेख नसेल तर ऐनवेळी खिडकीवरून परत यावे लागते. आपल्या किती मुलांच्या जागा अशा कागदापायी गेल्या, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. राज्यातल्या प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्र हवे. या घरात वैधता होती, केंद्राचा नमुना नव्हता. मुलगी दुसऱ्याच दिवशी सेतू केंद्रात गेली.

पैशाचे म्हणाल तर वडिलांच्या निवृत्तिवेतनामुळे घरचे उत्पन्न अडीच लाखांच्या वर, म्हणून भारत सरकारची शिष्यवृत्ती नाही. पण राज्यातल्या महाविद्यालयात फ्रीशिप मिळते, शिक्षण व परीक्षा शुल्क माफ. राज्याबाहेर गेल्यावर यातले काय मिळते आणि काय नाही, हे समाजकल्याण कार्यालयातून लेखी घ्यावे. तोंडी उत्तरावर पोरीला गाडीत बसवू नये.

आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "मंग नागपुरातच शिकव ना बाप्पा. घरची भाकर, घरचं छप्पर."

मुलीचा चेहरा पडला. आणि इथे मी आईच्या विरोधात गेलो. घरी राहून शिकणारा मुलगा आणि घरी राहून शिकणारी मुलगी यांत फरक आहे. मुलगा अभ्यास करतो. मुलगी आजीचे औषध, भावाचा डबा, पाहुण्यांचा चहा उरकून अभ्यास करते. जरीपटक्याहून मेडिकल चौक म्हणजे शहराचे दुसरे टोक. दोन वर्षे ही ये-जा, वर रुग्ण, वर प्रबंध. नागपूर निवडायचे तर ते तिथले शिक्षण हवे म्हणून निवडा, घरकामाला हात हवा म्हणून नको. वसतिगृह ही चैन नाही.

मग ठरवायचे कशावरून? मी मुलीलाच विचारले, "बेटा, तुला कोणता रुग्ण पाहायचा आहे?"

तिने क्षणाचाही विचार न करता सांगितले, "सिकलसेलची लेकरं."

उत्तर नागपूरच्या कोणत्या घरात हा आजार माहीत नाही? विदर्भात आदिवासींमध्ये आणि आपल्या समाजात तो मोठ्या प्रमाणावर आहे. शेजारच्या सिंधी घरांमध्ये थॅलेसेमिया, आपल्या घरांमध्ये सिकलसेल. जरीपटक्यात दोन्ही आजारांचे केंद्र आहे आणि दोन्ही समाजांच्या आया तिथे एकाच बाकावर बसतात. २०१६ च्या कायद्याने दोन्ही आजार अपंगत्वाच्या यादीत आले. २०२३ च्या जुलैमध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. रक्त तपासणी होते, गोळ्या मिळतात. पण या आजाराने खुब्याचे हाड कुजलेला विशीतला पोरगा कामावर कसा जाणार, लहानपणी मेंदूला झटका येऊन एक हात गेलेली मुलगी शाळेत कशी लिहिणार, हे कोण पाहणार? ते काम या पोरीचे आहे.

एकदा रुग्ण ठरला की प्रश्नही नेमके होतात. कोणत्या संस्थेत मेंदू व मज्जासंस्था किंवा बालविकास ही शाखा मिळेल? तिथे अशी मुले रोज येतात का? मार्गदर्शक कोण आणि त्यांच्याकडे आधीच किती विद्यार्थी आहेत? विद्यावेतन आहे का? आदल्या वर्षीच्या विद्यार्थिनींना फोन करून हे विचारायचे. त्या सांगतात ते माहितीपुस्तिकेत नसते. हे सगळे तिने वहीत उतरवून घेतले. वडिलांनीही दोन प्रश्न घातले, एक वसतिगृहाच्या खाणावळीचा आणि दुसरा, "तिथं आपले लोक आहेत का?" हा. दुसऱ्याला मी हसलो नाही. रोहित वेमुला आणि पायल तडवी यांच्यानंतर कोणत्याही आईबापाला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे.

चार दिवसांनी तिचा फोन आला. ओलटपूरच्या एका विद्यार्थिनीशी बोलणे झाले होते, मुंबईच्या दोघींशीही. मुंबईत बालविकास मिळाला तर मुंबई, नाहीतर नागपूर, असा क्रम तिने प्रवेशाच्या पसंतीक्रमात लावायचे ठरवले. केंद्राचे प्रमाणपत्र हातात येईपर्यंत ओलटपूरही सोडायचे नाही. आणि ब्रिटनच्या विद्यापीठाला अनामत न भरता तिने पत्र पाठवले होते, जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येईल का, असे विचारणारे.

"काका, एजंट रागावला," ती म्हणाली. "पण बाबा म्हणाले, उत्तर लेखीच माग."