सपाट पत्र्याचं प्रोफाइल कसं होतं?

शेडवरचा रंगीत पत्रा, दुकानाच्या शटरची पट्टी, छताखालची सी-पर्लिन: तिन्ही रोल फॉर्मिंगची कमाल! 👇

🔹 कॉइलमधून उलगडलेली स्टीलची पट्टी ओळीने बसवलेल्या रोलरच्या जोड्यांमधून जाते. प्रत्येक जोडी तिला थोडंसंच वाकवते.

🔹 मोजक्याच टप्प्यांत ९० अंशांचा कोन गाठायला गेलं, तर कडा ताणल्या जाऊन लहरी होतात, पट्टी पिळते.

🔹 पत्रा तापवावा लागत नाही. जाडीही जवळपास तीच राहते.

🔹 दाब सुटला की स्टील किंचित मागे उलगडतं. म्हणून कोन मुद्दाम जरा जास्त वाकवतात.

🔹 प्रेसमध्ये लांबी डायपुरतीच (म्हणजे साच्याइतकीच). रोल फॉर्मिंगमध्ये हवी तेवढी. पट्टीबरोबर धावणारा कटर मशीन न थांबवता ती मापात कापतो.

रोलरचा संच महाग, त्यामुळे ही पद्धत मोठ्या उत्पादनालाच परवडते.