पडक्या खदानीला राखणदार हवा

गावाबाहेर रस्त्याच्या कडेला मुरमाची एखादी जुनी खदान तुमच्याही गावी असेल. रस्ता झाला, बंधारा झाला, मुरूम नेणारे निघून गेले आणि खड्डा तेवढा मागे राहिला. पहिल्या दमदार पावसात तो भरला. मग कुणी त्यात म्हशी बसवल्या, कुणी फवारणीचा पंप धुतला, तर कुणी लग्नातल्या पत्रावळ्या आणि प्लॅस्टिकचे पेले आणून ओतले. ‘हा खड्डा ना वावराच्या कामाचा, ना गावाच्या,’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

पण शेतकरी बंधू-भगिनींनो, त्या खड्ड्याचे तुमच्या विहिरीशी नाते आहे. मुरूम म्हणजे उन्हापावसाने झिजून भुसभुशीत झालेला आपला काळा खडक. त्यातून पाणी झिरपते आणि हळूहळू खालच्या विहिरींकडे जाते. खदानीत स्वच्छ पाणी साठले तर तेच झिरपेल, आणि विषारी औषधाचे पाणी टाकले तर तेही झिरपेल. म्हणजे खदानीचा उकिरडा केला, तर त्याचा घोट आपल्याच घागरीत येतो.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याला तर खोदकामातून पाणी कसे मिळवावे हे कुणी शिकवायला नको. महामार्गांसाठी लागणारी माती आणि मुरूम तलाव, नाले आणि नद्यांच्या पात्रातून काढायचा, रस्ताही व्हावा आणि पाणीही साठावे, ही रीत ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने देशभर गाजली. मात्र खोदणे हे निम्मेच काम आहे. यंत्र चार दिवसांत खड्डा करून जाते. तो पुढे चाळीस वर्षे सांभाळायचा असतो गावानेच.

नीट सांभाळला तर काय होते, याचे उदाहरण दूर इंग्लंडात आहे. नॉटिंगहॅम शहराजवळ ट्रेंट नदीकाठी अ‍ॅटनबरो नावाचे गाव आहे. तिथे १९२९ सालापासून वाळू आणि खडी काढली जाई. खड्डे पाण्याने भरले आणि पाखरे उतरू लागली. १९६६ साली तिथे निसर्ग-राखीव क्षेत्र झाले. त्याचे उद्घाटन निसर्गपटांमुळे जगभर नाव झालेले डेव्हिड अ‍ॅटनबरो यांनी केले. पाखरांची मोजदाद करणे, माजलेली झुडपे छाटणे, पायवाटा दुरुस्त करणे अशा कामांना तिथे स्वयंसेवकांचे हात लागतात. ती तुमच्या-आमच्यासारखीच साधी माणसे. सुटीच्या दिवशी विळा-कोयता घेऊन येतात आणि काम करून घरी जातात.

आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? आपले लोणारही एक खड्डाच आहे. फरक इतकाच, की तो उल्केच्या आघाताने झाला. सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीच्या त्या विवरातले सरोवर खारे आहे. २००० साली तिथे अभयारण्य झाले आणि २०२० साली ‘रामसर’ यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत, त्याची नोंद झाली. त्याच वर्षी जून महिन्यात पाणी गुलाबी झाले, तेव्हा सारे जग पाहायला लागले. पण काठावरचा प्लॅस्टिकचा कचरा वेचायला जग येत नाही. तिथे लोणारचीच तरुण पोरे वाकतात.

मग आपल्या गावच्या खदानीचे काय करता येईल? पहिली गोष्ट जीव वाचवण्याची. उभ्या कडांच्या खोल खदानीत पाय घसरला की पोरांना वर येता येत नाही. म्हणून एक बाजू कुदळीने उतरती करा आणि खोल बाजूला काट्यांचे कुंपण घाला. उतरत्या बाजूला पाणी उथळ राहते, तळाशी ऊन पोचते, शेवाळ आणि किडे वाढतात. तिथे शेकाट्या, धोबी आणि वंचक चरायला येतात. कडेची एखादी मातीची उभी भिंत मात्र तशीच ठेवा. खंड्या आणि वेडा राघू तिच्यात बिळे करून पिले वाढवतात. डासांची भीती वाटते? पाणी स्वच्छ असेल तर चतुराच्या अळ्या डासांच्या अळ्या फस्त करतात.

दुसरी गोष्ट, पंप धुणे बंद. औषधाचे रिकामे डबेही पाण्यात टाकू नयेत. बेशरम आणि जलपर्णी दिसताच उपटावी. माजली की आवरत नाही. काठावर बाभूळ, बोर, निरगुडी लावावी.

तिसरी गोष्ट, पाखरांना दगड नाही आणि फासेही नाहीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार हा गुन्हा आहेच, पण कायद्याआधी पाहुणचार येतो. लडाख-तिबेटकडचा चक्रवाक हिवाळ्यात आपल्या दारी येतो. त्याला आपण दगड मारायचा काय?

हे सारे एकट्याने होत नाही. खदान गायरानात आहे की कुणाच्या मालकीची, हे आधी तलाठ्याकडे पाहून घ्या. ग्रामसभेत विषय मांडा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिला कामाला लावा. दर महिन्याला एक सकाळ ठरवा. बाप्ये गाळ काढतील, बाया कचरा वेचतील, शाळेची पोरे वहीत पाखरे लिहितील. १९८७ पासून दर जानेवारीत आपल्याकडे पाणपक्ष्यांची गणना होते, तीत तुमच्या पोरांची वहीही भर घालू शकेल. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिवस. कामाचा आरंभ त्या दिवशी केला तर उत्तमच.

पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचे पाणी जरा जास्त टिकले, तर ते कुणाचे देणे, हे मग सांगावे लागणार नाही. तोवर एवढेच करा. आज संध्याकाळी गुरे घेऊन परत येताना खदानीच्या काठावर घटकाभर थांबा. टिबुकली बुडी मारून कुठे वर येते ते पाहा आणि घरी गेल्यावर पोरांना सांगा.