मळ्या, मुसुल्ला आणि कर्नल साइक्स

शिरूरला घोडनदीच्या काठी एका भोयाच्या बादलीत हात घालून बोटाएवढा मासा वर काढला. खालच्या ओठामागे गोल चकती. परत सोडला, तर त्या चकतीनं तो बादलीच्या कडेला चिकटून बसला. ‘‘मळ्या हाय त्यो,’’ भोई म्हणाला. घरी येऊन पुस्तक उघडलं. शास्त्रीय नाव: गारा मुल्या!

ही करणी कर्नल विल्यम हेन्री साइक्सची. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करता करता त्यानं इथले मासेही टिपले आणि 1839 मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीतर्फे त्यांची वर्णनं छापली. कितीतरी जातींना त्यानं लॅटिन नाव न शोधता भोयांच्या तोंडचंच नाव दिलं: खुद्री, कोलस, इचकिया, सींघाला. त्याच्या ‘नुक्ता’ या माशाचं आखूड, तुटकं नाक पाहिलं की ते ‘नकटा’च आहे, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

याच घोडनदीतल्या, शिरूरच्याच एका माशाला त्यानं ‘मुसुल्ला’ म्हटलं आणि घोळ तिथं झाला. साइक्सनं हाताळलेला मूळ नमुना आज कुठंच नाही. 1940 च्या दशकात सुंदरलाल होरांसारख्या दिग्गज मत्स्यशास्त्रज्ञानं हे नाव कुबडाच्या महसीर माशाला लावलं. पुढं कावेरीतला तो प्रसिद्ध कुबडा महसीर घोडनदीतल्या माशाचं नाव मिरवत राहिला. 2013 मध्ये तीन अभ्यासकांनी दाखवून दिलं, की मुसुल्ला हा महसीर नव्हेच. तो हिप्सेलोबार्बस प्रजातीतला. मग कुबडा कोण? तो टोर रेमादेवी, हे 2018 मध्ये ठरलं. गळ टाकणाऱ्यांमध्ये जगभर नावाजलेला एवढा मोठा मासा, आणि त्याला धड नाव मिळायला एकविसावं शतक उजाडलं!

मग बोटभर माशांची काय कथा? ते ओळखताना पहिली शंका हीच, की ही लहानच जात, की मोठ्याचं पिल्लू? रंगावर विसंबू नये. मासा मेला की रंग उतरतो. मिशा मोजाव्यात, अंगावरच्या आडव्या रेषेतले खवले मोजावेत, पाठीवरच्या पराचा काटा नखानं चाचपावा. काटा करवती, एक काळा ठिपका कल्ल्यामागे आणि दुसरा शेपटीआधी, म्हणजे बहुधा टिक्टो ही लहान जात. महसीरचं पिल्लू असेल तर खवले मोठे आणि मोजके, एका रेषेत पंचवीसच्या आसपास.

साइक्सनं भोयाचा शब्द जपला, याबद्दल त्याचे सगळे गुन्हे माफ. मासा जपला नाही, हा एक सोडून. नाव उरलं, मासा हरवला, आणि पुढच्यांनी ते भलत्याच्याच गळ्यात बांधलं.

तेव्हा वाचकहो, नदीकाठच्या बाजारात अनोळखी मासा दिसला, तर कालवणाआधी एवढं करा: विकणाऱ्याला नाव विचारा, कुठल्या नदीतला ते लिहून घ्या, आणि शेजारी पट्टी ठेवून आडवा फोटो काढा.